बांधावरची खुमखुमी बिलावर काढा

कोकणी माणूस कोर्टकचेरीला घाबरतो असं कुणाला वाटत असेल, तर त्याने मालवण तालुक्यात आमच्या वाडीत येऊन चार दिवस राहावं. आमच्या ट्रंकेत 1958 सालच्या दाव्याचे कागद आहेत. दावा दोन फणसांचा आणि दीड हात बांधाचा. फणस पडून तीस वर्षं झाली, बांध पावसाने केव्हाच सरकवला, वादी-प्रतिवादी वर एकाच पंगतीला जेवत असतील. पण तारखांची टिपणं, वकिलाच्या पावत्या, तलाठ्याचे उतारे असं सगळं मेणकापडात बांधून ठेवलेलं आहे. वर आजोबांच्या अक्षरात शाईने लिहिलंय, 'जपून ठेवणे'.

त्याच घरात मिक्सर चौथ्या महिन्यात जळतो, तेव्हा आम्ही काय करतो? दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, वायर गुंडाळतो आणि मिक्सर माळ्यावर टाकतो. आमच्या माळ्यावर असे दोन मिक्सर, एक इस्त्री, एक पाण्याचा फिल्टर आणि 'लाइफटाइम गॅरंटी'वाली एक टॉर्च आहे. टॉर्च गेली, आमचं लाइफटाइम अजून चालू आहे.

ही खुमखुमी बांधावरून बिलावर कशी आणायची, ते खाली सांगतो. मी वकील नाही, फ्रीज बंद पडलेला गिऱ्हाईक आहे. मध्ये मध्ये राजकारण येईल, त्याला इलाज नाही. आमच्याकडे दुकानातल्या आंब्याच्या पेटीच्या भावाचा विषय निघाला तरी तो पाच मिनिटांत दिल्लीला पोचतो.

फ्रीजची हकिकत

2025 च्या एप्रिलात फ्रीज घेतला. आमच्याकडे फ्रीज घेतात तो आंब्याच्या रसासाठी आणि माशांसाठी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून मे संपता संपता सुरमईच्या तुकड्या, बांगडे, सोललेली कोळंबी डबे भरभरून फ्रीझरमध्ये गेली. 11 जूनला सकाळी बायकोने दार उघडलं आणि नुसतं 'अहो' म्हणाली. त्या 'अहो'तच मला वास आला.

टोल फ्री नंबरवर चौदा मिनिटं गाणं ऐकलं. मग एक मुलगी गोड हिंदीत म्हणाली, "सर, आपका पिनकोड हमारे सर्व्हिस एरिया में नहीं है." विकताना हाच पिनकोड चालला होता. तेराव्या दिवशी (मासे जाऊन तेरावा, हा योगायोग) तालुक्याहून एक पोरगा भर पावसात मोटरसायकलवरून आला. बिचारा नखशिखांत भिजलेला, त्याच्यावर राग काय काढणार? चहा दिला. त्याने फ्रीज भिंतीपासून ओढला, मागे टॉर्च मारली, एका नळीवर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली तांबूस पूड मला दाखवली. "काका, बघा. खारी हवा. कोस्टल एरिया वॉरंटीत येत नाही."

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून जास्त किनारा आहे. त्या किनाऱ्यावर फ्रीज विकायचे आणि मग समुद्र आहे म्हणून सांगायचं! रात्री भिंग घेऊन वॉरंटी कार्ड वाचलं. त्यात खारी हवा, किनारा, समुद्र यातलं एक अक्षर नव्हतं. तिथे माझ्यातले आजोबा जागे झाले.

आधी बिल

बिल सातबाऱ्यासारखं जपायचं. दुकानदार म्हणतो, "पक्कं बिल घेतलात तर जीएसटी लागेल, कशाला उगाच?" तेव्हा आपण खूश होऊन कच्च्या चिठ्ठीवर घरी येतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे तेवढ्यावरूनही तक्रार करता येते. हा कायदा जुलै 2020 पासून लागू झाला, त्याआधी 1986 चा होता. नव्या कायद्यात आणखी एक उपयोगाची गोष्ट आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू नाही. बिलावर परतीची मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर 30 दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा अनुचित प्रथाच.

आता कोकणापुरती सूचना. हल्लीची बिलं त्या गुळगुळीत कागदावर छापतात, त्यावरची अक्षरं उन्हाने, दमट हवेने उडतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या लग्नाच्या शालूलाही बुरशी येते, तिथे त्या कागदाची काय कथा? त्यामुळे घरी आल्याबरोबर बिलाचा फोटो, मग झेरॉक्स. झेरॉक्सची शाई टिकते. खोक्यावरच्या आणि वस्तूच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो, त्यात मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. वॉरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का आणि तारीख. हे सगळं स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवायचं. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आजोबांच्या मेणकापडाशेजारी.

मताचं बिल तेवढं मिळत नाही. मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी 7 सेकंद दिसते आणि पेटीत पडते. ती घरी नेता येत नाही, माल पाच वर्षं बदलून मिळत नाही. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण मिळालं, पण ते दाबलं तरी वरीलपैकी कोणीतरी निवडून येतोच. हे म्हणजे दुकानात जाऊन 'मला काहीच नको' म्हणायचं आणि तरी घरी टीव्ही पोचायचा.

पाकिटाची पाठ

पाकिटाच्या पुढच्या बाजूला बदाम असतात, मागच्या बाजूला खरं असतं. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी नंबर आणि अलीकडे दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भावही. तो शेवटचा आकडा वाचायची सवय लावा. वीस रुपयांचं पाकीट वीसचंच राहतं, आतली बिस्किटं तेवढी दरवर्षी बारीक होतात.

किनाऱ्यावरच्या टपरीत वीसची थंड बाटली पंचवीसला देतात आणि वरचे पाच 'कूलिंगचे' म्हणतात. छापील किमतीच्या वर घेता येत नाही. तक्रार राज्याच्या वैध मापन शास्त्र विभागाकडे करायची. मात्र हॉटेलात टेबलाशी बसून बाटली मागवलीत तर हा नियम धरून भांडू नका, 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना ती मोकळीक दिली आहे. आमच्या भाच्याने पर्यटकांसमोर हे भांडण केलं आणि हरला.

2025 च्या 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे दर बदलले. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं 18 वरून 5 टक्क्यांवर, एसी आणि मोठे टीव्ही 28 वरून 18 वर. 'बचत उत्सव' असं नाव दिलं सरकारने. आठ वर्षं जो कर भरला तो कुठला उत्सव होता, हे कुणी विचारलं नाही, कारण आरती चालू होती. आमच्या बाजारातल्या एका दुकानाने लगेच बोर्ड लावला, 'जीएसटी कपातीमुळे फ्रीज स्वस्त'. माझा मेव्हणा धावत गेला. फ्रीजवर 2018 पासून 18 टक्केच आहेत, सप्टेंबरात त्यात एक पैशाचा फरक पडलेला नाही. बोर्डाचा फोटो काढून ठेवला असता तर फसव्या जाहिरातीची तक्रार झाली असती. मेव्हण्याने फोटो काढला, पण स्वतःचा, नव्या फ्रीजबरोबर.

आपणही काही धुतल्या तांदळातले नाही, हे सांगून टाकतो. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी हायवेच्या कडेला कर्नाटकातला आंबा 'देवगड' म्हणून विकणारे आमचेच असतात. पेटीचा वरचा थर पिवळाधमक आणि खालच्या थराला लोणच्याची फोड! जाहीरनामा वाचताना मला नेहमी तो वरचा थर आठवतो. म्हणून गवत बाजूला करून खालपर्यंत हात घालायचा. उमेदवाराच्या बाबतीत तो हात म्हणजे त्याचं प्रतिज्ञापत्र. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं त्यात लिहावं लागतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही फुकट बघता येतं. अर्धा तास लागतो. मागल्या खेपेला मी आमच्या तिन्ही प्रमुख उमेदवारांची वाचली आणि ओट्यावर सांगायला गेलो, तर आमच्या वाडीतले तात्या म्हणाले, "ह्या सगळा माका म्हायत आसा. पण तो आपल्या सोयऱ्याचो."

सिलिंडर दारात आला की

हे पटकन सांगतो. सिलिंडरच्या वरच्या कड्याला ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्या आतल्या बाजूला दोन गोष्टी रंगवलेल्या असतात. एक, रिकाम्या सिलिंडरचं वजन. त्यात 14.2 किलो मिळवा, काट्यावर तेवढं भरलं पाहिजे. काटा आणणं ही पोचवणाऱ्याची जबाबदारी, तो 'गाडीत राहिला' म्हणाला तर आणायला लावा. दोन, एक अक्षर आणि एक आकडा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. 'डी 27' असेल तर त्या सिलिंडरची तपासणी डिसेंबर 2027 पर्यंत व्हायची आहे. मुदत उलटलेला घेऊ नका. घरपोच देण्याचे पैसे पावतीच्या रकमेत धरलेले असतात. आमच्या वाडीत रस्ता संपतो तिथून पाखाडीच्या साठ पायऱ्या आहेत, तेव्हा वर चढवणाऱ्याला मी माझ्या खुशीने वीस रुपये देतो; पण ते खुशीचे, हक्काचे नव्हेत, हे दोघांनाही माहीत असलेलं बरं. गॅस गळत असेल तर 1906.

पंपावर पेट्रोल कमी वाटलं तर 5 लिटरचं प्रमाणित माप मागा, ते ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

गॅसच्या किमतीचा पंचांगाशी काय संबंध, हे मात्र मला अजून नीट उमगलेलं नाही. 2023 च्या रक्षाबंधनाला 200 रुपये उतरले. 2024 च्या 8 मार्चला, महिलादिनी, आणखी 100. पुढल्या आठवड्यात, 15 मार्चला, पेट्रोल-डिझेल 2 रुपयांनी स्वस्त. 16 मार्चला लोकसभेच्या तारखा जाहीर. 2025 च्या एप्रिलात गॅस 50 ने वर, त्या दिवशी कुठला सण होता ते पाहिलं, सापडला नाही. कापडवाले निदान 'सेल अमुक तारखेपर्यंत' असं छापतात. मधल्या काळात, 2024 च्या नोव्हेंबरात, विधानसभेची निवडणूक आली. एका बाजूने महिलांना महिना 2100 म्हटलं, दुसरीने 3000. माझी बायको म्हणाली, "अजून चार दिवस थांबा, बाय वन गेट वन येईल."

1915

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सकाळी 8 ते रात्री 8, मराठीत बोलता येतं. 8800001915 वर व्हॉट्सॲपही चालतं. तक्रार क्रमांक लगेच वहीत उतरवा. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तुमची तक्रार कंपनीकडे ढकलते आणि उत्तर मागते. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं, कारण कंपनीत तिथलं उत्तर देणारा माणूस टोल फ्रीवर गाणं लावणाऱ्यापेक्षा वरचा असतो. माझ्या शेजारणीच्या ऑनलाइन साडीचे पैसे आठ दिवसांत आले. मला मात्र उत्तर आलं, 'ग्राहकाशी संपर्क साधला, तक्रार निकाली.' संपर्क म्हणजे नव्या फ्रीजवर 15 टक्के सवलत देऊ असा एक मेसेज. तोही कागद झालाच. छापून घेतला.

नोटीस

कायद्याने नोटीस सक्तीची नाही, पण तिच्याशिवाय प्रकरण लंगडं दिसतं. आणि कोकणी माणूस इथेच चुकतो, कारण त्याला लिहिता येतं. माझी पहिली नोटीस चार पानी होती. तिच्यात माशांचं वर्णन होतं, परकीय कंपन्यांचं धोरण होतं, आणि तात्यांच्या आग्रहावरून 'हा समस्त कोकणी माणसाचा अपमान आहे' असं एक वाक्य होतं. मुलीने ती वाचली, एक पान ठेवलं, तीन फाडली. उरलं ते असं:

'विषय: सदोष फ्रीज बदलून देणे अथवा किंमत परत करणे.

1. मी दि. … रोजी आपला … मॉडेलचा, अनुक्रमांक … चा फ्रीज बिल क्र. … ने रु. … ला घेतला. बिलाची प्रत सोबत.

2. दि. 11 जूनपासून फ्रीज थंड होत नाही. आपल्याकडे तक्रार क्र. … दि. … रोजी नोंदवली.

3. दि. … रोजी आपला तंत्रज्ञ येऊन गेला. त्याने सांगितलेली "खारी हवा" ही अट वॉरंटी कार्डात नाही. कार्डाची प्रत सोबत.

4. ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत फ्रीज बदलून न दिल्यास वा पूर्ण किंमत परत न केल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगात तक्रार करीन. त्याचा खर्च व नुकसानभरपाई आपल्यावर राहील.'

खाली नाव, पत्ता, सही, तारीख. विशेषणं शून्य. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला एक आणि दुकानदाराला एक. जुन्या लोकांचं 'रजिस्टर एडी' 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे आता स्पीड पोस्टाने पाठवा, पोच मागा, पावती नोटिशीच्या प्रतीला टाचा. शिवाय ईमेल. फोनवर कुणी गोड बोललं तर, "हेच मला ईमेलवर लिहून पाठवा" एवढं म्हणायचं. पुष्कळांचा आवाज तिथेच बदलतो.

आयोगात

पंधरा दिवस गेले, उत्तर नाही. आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांचा ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत. जुन्या कायद्यात कंपनी किंवा तिची शाखा असेल, नाहीतर व्यवहार घडला असेल तिथे धावावं लागे, नव्यात तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ही एवढी एक सुधारणा कोकणाला फार मोठी आहे. नाहीतर मुंबईहून घेतलेल्या वस्तूच्या किमतीएवढे पैसे मुंबईच्या गाडीभाड्यात जायचे.

मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 2 कोटींपर्यंत राज्य, पुढे राष्ट्रीय. 5 लाखांपर्यंत फी नाही. पुन्हा सांगतो, फी नाही. पाच ते दहा लाखांना 200 रुपये, दहा ते वीसला 400, वीस ते पन्नासला 1000. वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. ती चुकवू नका, उशीर माफ होऊ शकतो पण त्यासाठी वेगळी कारणं द्यावी लागतात.

होमस्टे, खानावळ, बोट असलेल्यांसाठी एक अट. धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही. पण स्वतःच्या पोटासाठी, स्वतः राबून चालवायच्या कामाला घेतली असेल तर बसते. होडीचं इंजिन घेणारा मच्छीमार ग्राहक ठरू शकतो, दहा होड्या भाड्याने लावणारा शेठ नाही.

तक्रार घरबसल्या करता येते. त्यासाठी आधी ई-दाखिल हे संकेतस्थळ होतं, 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती आहे. मोबाइल क्रमांकाने खातं काढा. तक्रारीत क्रमाने लिहा: तुम्ही कोण, समोरचे कोण (कंपनी आणि दुकानदार दोघंही घाला, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो), काय घेतलं, काय घडलं, तारखा, हा आयोग का, मुदतीत कसं, आणि शेवटी मागणी. मागणी आकड्यात. 'योग्य ती भरपाई' असं लिहिलंत तर समोरच्याला जे योग्य वाटेल ते मिळेल. सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी. स्कॅन सरळ करा. माझं पहिलं बिल उलटं चढलं होतं, ते त्रुटीत परत आलं, आणि आमच्याकडे जोराचा पाऊस म्हणजे नेट नाही, तेव्हा चार दिवस गेले.

मग तक्रार दाखल करून घ्यायची का ते 21 दिवसांत ठरायचं. समोरच्याला उत्तराला 30 दिवस, फार तर 15 वाढवून. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये पक्कं केलं आहे. निकाल साधारण 3 महिन्यांत, वस्तू तपासणीला पाठवावी लागली तर 5. हे कायद्यातलं. प्रत्यक्षात ही मुदत मुंबई-गोवा महामार्गाच्या मुदतीसारखी वाचायची. तो 2011 पासून रुंद होतोय आणि दर गणपतीपूर्वी पूर्ण होत असतो. तरी सांगतो, बांधाच्या दाव्यापेक्षा हे लवकर आटपतं.

दुसऱ्या तारखेला कंपनीचा वकील व्हिडिओवर आला आणि मध्यस्थी मागितली. कायद्यात तशी सोय आहे, हो म्हणायला हरकत नसते, जमलं नाही तर प्रकरण पुन्हा पुढे चालतं. फ्रीजची पूर्ण किंमत आणि खर्चाचे 4000 रुपये ठरले. मी माशांचे 2300 ही मागितले होते. वकील शांतपणे म्हणाला, "माशांचं बिल आहे का?"

आमच्या मासेवालीकडून आयुष्यात कुणी बिल घेतलेलं नाही. तिला बिल मागितलं असतं तर तिने टोपली उचलली असती. 2300 सोडले.

साकव

आता राहिला देशाचा माल. इथे ग्राहक कायदा चालत नाही. जाहीरनाम्यातली आश्वासनं म्हणजे भ्रष्ट आचरण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं आहे. बरं, दुकान तरी एक राहावं? 2022 आणि 2023 मध्ये महाराष्ट्रात दोन दुकानं फुटली, आणि नंतर चौघांच्याही दारावर एकच पाटी, 'आमची कोठेही शाखा नाही'.

तरी कागद इथेही चालतो. आमच्या वाडीच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, साकव (छोटा पूल) पाहिजे आहे. चार निवडणुकांत त्याचं आश्वासन मिळालं, दोनदा नारळ फुटला. दुसऱ्या वेळचं खोबरं माझ्या वाट्याला आलं होतं. पावसात पोरं अजून गुडघाभर पाण्यातून शाळेत जातात. मी माहितीचा अधिकार वापरला: साध्या कागदावर अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, कारण महाराष्ट्राचा तसा नियम आहे. 'साकव का बांधला नाही' असं विचारू नका, 'का'चं उत्तर देत नाहीत. विचारा: या कामाची प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेची, रक्कम किती, कार्यादेश कुणाला, प्रती द्याव्यात. उत्तराला 30 दिवस. न आल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प.

उत्तर सव्विसाव्या दिवशी आलं. दोन ओळी. 'सदर काम मंजूर असल्याचे अभिलेखावर आढळून येत नाही.' म्हणजे दोन्ही नारळ मंजुरीशिवाय फुटले. ते पत्र घेऊन ग्रामसभेत गेलो आणि ठराव लिहून घ्या म्हटलं. इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठायचं नाही, एवढं पाळा. तिथे बोललेलं हवेत जातं आणि खारी हवा काय करते ते तुम्ही वर वाचलंत. ठरावाची प्रत घेऊन अर्ज पुढे गेला आहे. साकव अजून नाही, पण आता तो नाही हे कागदावर आहे.

परवा संध्याकाळी तात्या आले. हातात प्लास्टिकची पिशवी. "माझो पंप बंद पडलो. दोन वर्सां जातली आता. कंपनी म्हणता, पाणी खारा आसा."

"बिल खय आसा?"

त्यांनी पिशवीतून घडी केलेला गुळगुळीत कागद काढला. उलगडला. कोरा होता, बुरशीचे दोन ठिपके सोडले तर. खिडकीशी धरून बघितला, तिरका करून बघितला, काही नाही. तात्या गप्प झाले. मग आठवलं, पैसे मुलाने मुंबईहून मोबाइलवरून भरले होते. त्याला फोन लावला, त्याने बँकेच्या खात्यातली ती नोंद काढून पाठवली. दुकानाचं नाव, रक्कम, तारीख. पंप बंद पडल्याची तारीख तात्यांनी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरात खूण करून ठेवलेली, ते कॅलेंडर आणायला नातवाला पिटाळलं. आकडे मांडले. मुदत संपायला एकोणीस दिवस बाकी होते.

तात्यांनी चष्मा पुसला, खुर्ची टेबलाशी ओढली.

"लिव," म्हणाले. "आणि कोकणी माणसाच्या अपमानाचा एक वाक्य घालशील मा?"